चौदा डोकी

जिनेल बिदेसीने ‘खलाशी’ या नावावर बोट दाबून धरलं. पडद्यावर चार ओळी उघडल्या: नाव बदला, हलवा, रंग द्या, अर्काइव्ह करा. तिने शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. चौदा नावांचा हिरवा पट्टा फिका पडला आणि बोर्डावरून निघून गेला. खालच्या तुकड्या एकेक घर वर सरकल्या, मधे फटसुद्धा राहिली नाही.

“झालं म्हणतो ना म्हातारा? मग झालं,” ती म्हणाली. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

खालून, फळ्यांच्या जमिनीतून, तार वळवायच्या पकडीचा आवाज येत होता. चिक्, चिक्, थोडं थांबून पुन्हा चिक्. वर काय झालं याची त्या पकडीला काहीच खबर नव्हती.

पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडब्रुक भागातल्या त्या जुन्या दुमजली घरात दरवर्षी कार्निव्हलच्या ताफ्याचे पोशाख तयार होत. खाली शिलाई, पिसं, गोंद, तारा आणि तोंडाला कुलूप नसलेली माणसं. वर कचेरी, म्हणजे जिनेल, एक टेबल आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची तिने आल्या आठवड्यातच काढून टाकायला लावली होती. तक्रार घेऊन येणाऱ्याला बसायला मिळालं की तक्रार लांबते, असं तिचं मत होतं. टोरांटोत मोठमोठे समारंभ भरवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं काढून ती परतली होती, आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आपल्यावाचून इतकी वर्षं कार्निव्हल झालाच कसा, याचं तिला मनापासून नवल वाटत होतं. नाकाने कांदे सोलायची सवय तिला आधीपासूनच होती. टोरांटोने तिला त्याचा पगार दिला, एवढंच.

ताफ्याचा मालक डेन सिप्रियन. डेनचा बाप मोठा माणूस होता. डेनकडे बापाचा ताफा होता, बापाचं आडनाव होतं, आणि कार्निव्हलमधल्या दोनच गोष्टी त्याला कळत: पिसांचा रंग आणि स्वतःचा फोटो. जिनेलने आणलेलं सॉफ्टवेअर त्याने पाच मिनिटं बघितलं आणि “सुंदर दिसतंय” म्हणून पास करून टाकलं.

दिसत होतं खरंच सुंदर. बोर्डावर प्रत्येक तुकडीचा एक पट्टा, पट्ट्यात पोशाख घालून खेळणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची एक ओळ. कार्निव्हलच्या मंगळवारी तो माणूस सवाना मैदानातल्या स्टेजवरून पार झाला की त्याच्या नावापुढे टिक करायची. त्याचा कार्निव्हल संपला. सगळ्या ओळींना टिक लागली की तुकडी पूर्ण. पूर्ण झालेली तुकडी अर्काइव्हमध्ये टाकायची, म्हणजे ती मरत नाही, फक्त नजरेआड होते. सात जानेवारीला जिनेलने सगळ्यांना उभं करून हे दोनदा समजावलं. त्याच दिवशी खालच्या भिंतीवरचा तपकिरी कागद तिने उतरवायला लावला. वर्षानुवर्षं तिथे नावं लिहिलेला असा कागद लागायचा, खडूने बरबटलेला, कडांना तेलकट. त्या खिळ्याला तिने एक टॅब टांगला. बोर्डावर कुणी कुठल्या नावापुढची टिक बदलली की टॅब टिंग करून मोठ्या अक्षरांत सांगायचा. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायची सोय तिला ठेवायची नव्हती.

आणि त्याच सकाळी एग्बर्ट नोएलने त्या टॅबवर आपल्या चौदाच्या चौदा नावांपुढे टिक करून टाकली.

एग्बर्ट चौऱ्याहत्तर वर्षांचा, एका गुडघ्याने अधू, तारकाम करणारा. खलाशांच्या, म्हणजे खलाशाचा वेश घेऊन नाचणाऱ्या जुन्या तुकडीचे टोप तो करायचा. तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, मग रंग, मग आरशांचे तुकडे. तुकडीत चौदा जण उरले होते आणि त्यातला सगळ्यात लहान सदुसष्ट वर्षांचा होता. बाकीच्या तुकड्यांत तीनतीनशे पोरी मणी आणि पिसं लावून येत. डेन या चौदांना ‘म्युझियम’ म्हणायचा. बाप जाऊन पाच वर्षं झाली तरी म्युझियमला टाळं लावायची हिंमत त्याला झाली नव्हती. हिंमत करण्याइतकं त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी बैठकीत त्याने टॅब खिळ्यावरून उचलला आणि सगळ्यांसमोर वाचायला लागला.

“अरे वा. खलाशी स्टेज ओलांडून घरीसुद्धा गेले? अजून तीन आठवडे आहेत की. जिनेल, तुझं हे सॉफ्टवेअर भविष्य पण सांगतं का?”

शिलाईच्या कोपऱ्यातून मर्ल बोलली. सगळं घर तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणायचं, आणि सगळं घर तिच्या तोंडाला वचकून असायचं.

“टोरांटोबाईंचं यंत्र आहे ते. तिकडे थंडी फार, माणसं लवकर घरी जातात.”

हसून हसून पिसं उडाली. जिनेल हसली नाही. एग्बर्टही हसला नव्हता, तो मान खाली घालून तार सरळ करत होता, आणि तिला तेच जास्त झोंबलं. म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी आपली थट्टा मांडून ठेवली होती आणि आज तो ती मजेत बघत बसला होता, अशी तिची खात्रीच झाली. वर जाऊन तिने खलाशांची तुकडी अर्काइव्ह केली. मग उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून एक नियमही घालून ठेवला: टिक झालेली ओळ आपोआप अर्काइव्हमध्ये जाईल. नियमाला कुलूप लावलं, डेनच्या मंजुरीशिवाय बदलता येणार नाही असं. आता ही कुणा एकावर काढलेली खुन्नस राहिली नव्हती, पद्धत झाली होती.

कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी बाराच्या आत, स्टेजवर येणाऱ्यांची यादी मिरवणुकीच्या कमिटीकडे जायची. यादी बोर्डावरून थेट निघायची. हाताने लिहिलेली नावं कमिटीने दोन वर्षांपासून बंद केली होती. यादीत नाव नाही तो माणूस कठड्याच्या आत पाय टाकू शकत नव्हता, मग त्याच्या डोक्यावर काहीही असो. म्हणजे एग्बर्टला यावंच लागणार होतं. बावीस पायऱ्या चढून, दारात उभं राहून तो विचारणार, मिस, माझं काही चुकलं का? मग जिनेल त्याला सांगणार होती. काय सांगायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं, आवाजासकट.

पहिला आठवडा गेला, एग्बर्ट आला नाही. दुसऱ्या आठवड्यात बोर्डावरच्या आकड्यांप्रमाणे कापड आणि गोंद वाटला गेला. खलाशांच्या वाट्याला चिंधीही आली नाही. आता तरी येईल, म्हणून ती दिवसभर जिन्याकडे कान लावून बसली. मर्लने दुसऱ्या तुकड्यांच्या उरल्यासुरल्या कापडातून चौदा पांढऱ्या कॉलर कापल्या आणि एग्बर्टला नेऊन दिल्या. पकड खाली चिक् चिक् करत राहिली.

उलट तो तिच्याशी गोडच वागायला लागला होता. ती खाली आली की स्टुलावरून उठून उभा राहायचा. एका सकाळी कोपऱ्यावरून डबल्स, म्हणजे मऊ पुऱ्यांत भरलेले चणे, आणताना त्याने तिच्यासाठीही एक आणलं, कागदात गुंडाळून, तिखट कमी घालून. जिनेलने ते टेबलावर ठेवलं आणि तसंच थंड होऊ दिलं. म्हातारा चांगलाच मुरलेला आहे, तिला वाटलं.

त्याच आठवड्यात मिस आयव्ही माप द्यायला आली. एक्याऐंशी वर्षांची, निवृत्त नर्स, खलाशांच्या तुकडीतली सगळ्यात जुनी. फाटकाशी जिनेल भेटली तेव्हा तिने तिचा हात धरून ठेवला.

“हा माझा एकसष्टावा खेळ बरं का. डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. डॉक्टर असं म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचं असतं, ते मी चाळीस वर्षं वॉर्डात ऐकलंय.”

“काळजी घ्या,” जिनेल म्हणाली.

“काळजी मंगळवारनंतर. मंगळवारी मला फक्त ते स्टेज ओलांडू दे.”

त्या संध्याकाळी जिनेलने अर्काइव्ह उघडलं. ‘परत आणा’ या अक्षरांच्या वर तिचं बोट बराच वेळ नुसतं अधांतरी होतं. दाबलं असतं तर काम एका क्षणाचं होतं. पण मग म्हातारा न येताच जिंकला असता. तिने अर्काइव्ह बंद केलं आणि म्हातारीचा हात फार गार होता, हे विसरायचा प्रयत्न केला.

शुक्रवारी अकरा वाजले तरी जिन्यावर पाऊल वाजलं नाही. शेवटी तीच खाली उतरली.

छताच्या तुळईला चौदा टोप ओळीने टांगलेले होते. एकावर पोपट, एकावर जहाज, एकावर उडता मासा, आयव्हीच्या टोपावर फणा काढलेली लाट आणि लाटेच्या टोकाला बोटाएवढा आरसा. जिनेलने टोरांटोत खूप महागडी सजावट पाहिली होती. अशी पाहिली नव्हती, हे तिला मान्य करावं लागलं, आणि त्याचाही तिला राग आला. मग तिला दिसलं, प्रत्येक टोपाच्या मागे एक तार वीतभर सुटी लोंबत होती.

“हे तर अपुरे आहेत,” ती म्हणाली. तिला बरंच वाटलं जवळजवळ.

एग्बर्ट स्टुलावरून उठला. “पुरे आहेत, मिस. शेवटची तार डोक्यावर वळवायची असते. माणूस समोर बसल्याशिवाय नाही. मंगळवारी सकाळी येतील सगळे.”

“मग टिक का केलीत? सात जानेवारीला, चौदाही नावांना? मी दोनदा समजावलं होतं.”

“तुम्ही कागद काढलात ना.”

“कागदाचा इथे काय संबंध?”

एग्बर्टने पकड खाली ठेवली. रिकाम्या भिंतीकडे हात केला.

“कागदावर नावं असायची. पहिल्या दिवशी मी एकेका नावापुढे खडूने खूण करायचो. खूण केली म्हणजे ते डोकं मी घेतलं. मग त्या माणसाने परत विचारायला यायचं नाही, टोप होणार. मी मेलो तरी होणार, कुणाला तरी सांगूनच मरेन.” तो स्वतःशी हसला. “कागद गेला आणि टॅब आला, म्हणून खूण टॅबवर केली. तुम्ही काय समजावलंत ते सगळं नाही कळलं, खोटं कशाला बोलू. पण तुमची पद्धत आहे, तर आपण पाळावी, म्हटलं.”

मर्लचं शिलाई मशीन थांबलं होतं.

“खरं सांगू, मिस? कागद काढलात तेव्हा मला फार राग आला होता. मर्लला म्हटलं, या पोरीला काही कळत नाही. पण मग तुम्ही यादी आत ठेवलीत.”

“आत?”

“टॅबवरून गेली ती. म्हातारे सिप्रियनसाहेब तेच करायचे. सगळ्या नावांपुढे खूण झाली की कागद उतरवायचे, घडी करून वरच्या खिशात ठेवायचे. म्हणजे, एग्बर्ट, तुझा शब्द पोचला, आता मी बघायला येणार नाही. कार्निव्हल संपेपर्यंत ती घडी उघडायचे नाहीत. डेनने कधी केलं नाही असं. पाच वर्षं कागद नुसता भिंतीवर लटकायचा, मला वाटायचं, याचा माझ्या शब्दावर भरवसा नाही. तुम्ही पहिल्याच वर्षी केलंत.” त्याने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. “कुणी शिकवलं तुम्हाला?”

“हो, सांग की,” मर्ल म्हणाली. तिच्या ओठांत दोन टाचण्या होत्या. “कुणी शिकवलं?”

मर्लला सगळं कळलेलं होतं. कापड वाटलं त्या दिवसापासूनच कळलं असणार, आणि तरी ती इतके दिवस म्हाताऱ्याला काही बोलली नव्हती. जिनेलला तिच्याकडे बघवेना.

“मला वर काम आहे,” ती म्हणाली.

“असेलच. बारा वाजायला आलेत.”

जिनेल एकेका ढांगेत दोन पायऱ्या चढली. अर्काइव्ह उघडलं, ‘परत आणा’ दाबलं. चौदा नावांचा हिरवा पट्टा बोर्डावर आला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा गेला. तिने परत दाबलं. पट्टा परत आला, परत गेला. टिक झालेली ओळ आपोआप अर्काइव्हमध्ये जाईल, हा नियम आपलं काम चोख करत होता. तिने तो इतका पक्का बांधला होता की तिलाच तो सुटेना.

डेनला फोन लावला. तो उचलेना. तिसऱ्यांदा लावला तेव्हा लक्षात आलं की खाली रेडिओवर त्याचाच आवाज चालू आहे. परंपरा जपणं किती महत्त्वाचं, ते तो मुलाखतीत सांगत होता, आणि मुलाखतकार त्याला हो ला हो करत होता.

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. आता एकच रस्ता उरला होता. ओळीवरची टिक काढली तरच ती ओळ बोर्डावर टिकणार होती, आणि बोर्डावर टिकली तरच यादीत जाणार होती. तिने पहिलं नाव उघडलं. आयव्ही थॉमस. हिरव्या खुणेवर बोट ठेवलं आणि खूण पुसली.

खाली टॅब वाजला. टिंग.

टॅबवर काय उमटलं असेल, ते तिला पाठ होतं. मोठी अक्षरं तिनेच निवडली होती, चष्मा नसलेल्यालाही वाचता यावं म्हणून. ‘जिनेल बिदेसी: काम अपूर्ण. आयव्ही थॉमस.’

दुसरं नाव. टिंग. पकड अजून चालू होती. तिसरं नाव पुसलं तेव्हा पकड थांबली. चौथ्याला कुणीतरी रेडिओ बारीक केला. जिनेलचे कान गरम झाले, तिला लाज वाटत होती, साधी, शाळेतल्यासारखी. खाली पळत जाऊन सांगावं असं वाटलं, पण घड्याळ तेवढं थांबणार नव्हतं, आणि काय सांगायचं तेही तिला माहीत नव्हतं. नववं, दहावं, अकरावं. प्रत्येक नावामागे खालून तेवढाच आवाज यायचा आणि त्यानंतर काहीच नाही.

चौदावी खूण पुसून तिने यादी पाठवली. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी कमिटीकडून उत्तर आलं: यादी मिळाली, तुकड्या नऊ. तिने खात्री करून घेतली. नववी तुकडी खलाशांची होती, चौदाही नावं होती. मिस आयव्ही मंगळवारी स्टेज ओलांडणार होती.

तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं.

एक पाऊल, मग ओढत आणलेलं दुसरं, मग श्वास घ्यायला थांबणं. तीन आठवडे ती ज्या आवाजासाठी कान लावून बसली होती तो हाच होता. आता तो थांबावा, मधल्या वळणावरून माघारी फिरावा, असं तिला वाटत होतं. पायऱ्या मोजायच्या नाहीत म्हणता म्हणता तिने बावीस मोजल्या.

एग्बर्ट दारात आला. टोपी काढून त्याने काखेत धरली होती आणि खिळ्यावरचा टॅब दोन्ही हातांत, सांडेल की काय असा जपून आणला होता. कपाळावर घाम होता.

“मिस,” तो म्हणाला, “माझं काही चुकलं का?”

जिनेलला ठरवून ठेवलेल्यातलं काहीच आठवलं नाही.

“चौदाही परत केलीत, म्हणून विचारतो. शब्द कधी परत आला नव्हता माझा.” त्याने टॅबकडे पाहिलं. “तुम्ही आत्ता खाली येऊन बघून गेलात, तेव्हाच काहीतरी नजरेत आलं असणार. कुठला टोप नाही पटला, तेवढं सांगा. आयव्हीची लाट जड वाटली असेल तर उतरवतो. मंगळवारपर्यंत वेळ आहे, करून देतो.”

खोलीत खुर्ची एकच होती. जिनेल तिच्यावरून उठली, आणि ती ओढत ओढत त्याच्यापर्यंत घेऊन गेली.